टॉयलेटचं दार, फक्त सहा इंच

आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात माणसं दोनच. मी आणि आमचा कॅडवाला, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारा. बाहेरच्या पाटीवर नाव माझं आहे, पण ऑफिस चालतं त्याच्या जिवावर. हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे आणि आम्ही दोघंही तो विषय काढत नाही. मी बटर पेपरवर पेन्सिलीने रेघोट्या ओढतो, तो त्या घेऊन स्क्रीनसमोर बसतो आणि संध्याकाळपर्यंत त्यातून घर निघतं. वर्षातले दहा दिवस सोडले तर या व्यवस्थेत काही खोट नाही. कॅडवाला कुडाळकडचा आहे. चतुर्थीच्या आधी दोन दिवस तो जातो आणि आरत्या, भजनं, उकडीचे मोदक, येतानाचा तुंबलेला घाट असं सगळं आटोपून परततो. तेवढे दिवस मी ऑफिसात पेपर वाचतो आणि फोन शक्यतो उचलत नाही.

यंदा उचलला. ज्यांच्या बंगल्याचं काम चालू आहे ते काका होते. बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे बोलणं मोजकं आणि हिशेब चोख.

"साहेब, मागच्या टॉयलेटचं दार फक्त सहा इंच डावीकडे घ्यायचंय. वॉशिंग मशीन बसत नाहीये. आज ड्रॉइंग दिलंत तर गवंडी उद्या भिंत उचलतोय."

"आज? आमचा माणूस गावी गेलाय हो."

"अहो, पण तुम्ही आहात ना! कॉम्प्युटरवर काय, एक बटण."

या ‘तुम्ही आहात ना’ला उत्तर नसतं. दर गुरुवारी मी एका आर्किटेक्चर कॉलेजात शिकवायला जातो. तिथे पोरांसमोर छाती काढून सांगतो की कॉम्प्युटर हे नुसतं हत्यार आहे, डोकं आपलं पाहिजे. आता डोकं होतं, हत्यारही समोर होतं. ते धरायचं कुठून, एवढाच प्रश्न होता.

तसा मी अगदीच अडाणी नाही. 1995 साली आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हळद-कुंकू मीच वाहिलं होतं. त्या पैशांत दोन स्कूटर आल्या असत्या. त्यावर जुन्या डॉसवर चालणारं, ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड होतं. काळीकुट्ट स्क्रीन, खाली एक ओळ, आणि त्या ओळीत आपण इंग्रजीतून आज्ञा द्यायची. मोठं ड्रॉइंग असलं की ‘रीजेन’ मारून, म्हणजे सगळं पुन्हा उमटवायची आज्ञा देऊन, आम्ही खाली चहाला जायचो. परत यायचो तेव्हा जिना उमटलेला असायचा, संडास उमटायचे राहिलेले असायचे. नंतर मशीन वेगवान झालं, कॅडवाला आला, आणि मी त्या खुर्चीवरून उठलो तो उठलोच. ऑटोकॅडची पहिली आवृत्ती 1982 ची. म्हणजे मी बारावी व्हायच्या आधीपासून ते जगात आहे. तरी आमची ओळख लग्नात भेटणाऱ्या नातेवाइकांइतपतच राहिली. चेहरा माहीत, नाव आठवत नाही.

आमचं शिक्षण झालं ते शाई आणि ब्लेड यांवर. गेटवेचा ट्रेसिंग पेपर, ड्राफ्टर, आणि रोटरिंगची पेनं. झीरो पॉइंट टूचं पेन रात्री दोन वाजता हमखास तुंबायचं. मग ते कानाशी धरून हलवायचं. आत टिक-टिक वाजलं तर जिवंत आहे, नाही वाजलं तर सकाळचं सबमिशन गेलं. पावसाळ्यात ट्रेसिंगला दमट हवा लागली की तो पापडासारखा फुगायचा. आणि रेघ चुकली तर ब्लेडने खरवडायची. एकदा खरवडलं तर चालायचं, दुसऱ्यांदा कागद लुसलुशीत व्हायचा आणि तिसऱ्यांदा तिथे भोक पडायचं. भोक सगळ्या जगाला दिसायचं. आमचे सर शीट खिडकीच्या उजेडात धरायचे आणि डिझाइन बघायच्या आधी भोकं मोजायचे. त्यामुळे शाईचं पेन टेकवण्याआधी माणूस तीनदा विचार करायचा. काही जण इतका विचार करायचे की शीट कोरीच राहायची, ती गोष्ट वेगळी.

तर मशीन चालू केलं आणि फाइल सापडली. उघडल्यावर सगळा बंगला नखाएवढा दिसला. चाक फिरवलं तर एकदम बेसिनच्या नळावर जाऊन आदळलो. पुन्हा फिरवलं तर बंगला नखाएवढा. या मोठं-लहान करण्यानेच आमची अर्धी विद्या खाल्ली आहे, असं माझं मत आहे. कागदावर एकास पन्नासचा प्लॅन काढताना अडीच फुटांचं दार म्हणजे दीड सेंटिमीटर हे बोटांना पाठ असायचं. इथे सगळं खऱ्या मापात काढायचं आणि बघायचं मात्र वाटेल तेवढं. मागे एका पोराने प्लॅनमध्ये दोन फुटांचा पॅसेज दाखवला होता. "अरे, यातून माणूस जाणार कसा?" तर म्हणाला, "सर, स्क्रीनवर मोठा दिसत होता."

शेवटी कॅडवाल्याला फोन लावला. त्याच्या घरी रेंज फक्त मागच्या फणसाखाली येते. पाठीमागे झांजा वाजत होत्या.

"सर, ऑर्थो ऑन आहे का?"

"ते कसं कळतं?"

"एफ एट दाबा."

"दाबलं. काही झालं नाही."

"होतं सर ते. दिसत नाही. आता मूव्ह करा. एम एंटर. दार सिलेक्ट, एंटर, बेस पॉइंट, डावीकडे माऊस, अंतर टाका, एंटर." मागून कुणीतरी मोदक निवल्याची हाक मारली, आणि फोन कट झाला. तो कट झाला की केला, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

मूव्ह करायला माझा जीव होईना. हलवलेलं दार भलतीकडेच गेलं तर? मूळ दार जागेवर ठेवावं, त्याची एक नक्कल सहा इंच बाजूला लावावी, नीट बसली की मूळचं पुसावं. ट्रेसिंगवर ट्रेसिंग टाकून काम केलेल्या माणसाची ही सवय. म्हणून मूव्हऐवजी कॉपी दिलं. दार निवडलं, माऊस डावीकडे नेला, 6 टाइप केलं, एंटर मारलं.

काही झालं नाही.

पुन्हा 6, पुन्हा एंटर. काही नाही. पूर्वी मशीन असं रुसलं की तेच दोन-चारदा हाणलं म्हणजे ते शुद्धीवर यायचं. हाणलं. दर वेळी 6, दर वेळी एंटर. सात-आठ वेळा, दहा वेळा. अखेर उजेड पडला. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये होतं. मी ज्याला सहा म्हणत होतो ते सहा मिलिमीटर होते, म्हणजे सुताराच्या भाषेत जेमतेम दोन सूत.

यात माझा दोष किती? आमच्या धंद्यात ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, काका फूट-इंचात, सुतार सुतात, फरशी चौरस फुटात, वाळू ब्रासमध्ये आणि जमीन गुंठ्यात. एवढ्या भाषा मला येतात. मशीनला एकच येते आणि तीही ते विचारून घेत नाही. 1963 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड नावाच्या तरुणाने स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्यात पडद्यावर प्रकाशाच्या पेनने रेघ ओढायची सोय होती. वाकड्या काढलेल्या रेघांना ‘समांतर व्हा’ म्हटलं की त्या समांतर व्हायच्या. साठ वर्षं झाली त्याला. मला समांतरही नको होतं, नुसतं डावीकडे हवं होतं.

मग दाराभोवती खिडकी आखून सगळं एकदम निवडलं आणि सरळ मूव्ह मारलं, 150. दार टुणकन सरकलं! काय आनंद झाला म्हणून सांगू. साडेचार इंची भिंतीच्या रेघा तोडल्या, जोडल्या, जुनी फट बुजवली. दाराची रेघ आधीपेक्षा जरा जाड दिसत होती. म्हटलं चला, दार ठसठशीत आलंय. रात्री साडेनऊला फाइल कॉन्ट्रॅक्टरला मेल केली आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं की कॅडमध्ये काही राम नाही, उगाच बाऊ करतात.

त्याच आठवड्यात कॉलेजात चौथ्या वर्षाची ज्युरी, म्हणजे पोरांच्या डिझाइनची तोंडी परीक्षा होती, आणि विजयी वीराच्या थाटात मी तिथे जाऊन बसलो. विषय होता मुळशी खोऱ्यातली प्राथमिक शाळा. पोरांनी तीन-तीन नाइट मारल्या होत्या. डोळे लाल होते आणि शीटवरची चित्रं अशी की आपण जन्मात एवढं सुंदर काही बांधलं नाही याची लाज वाटावी. एका चित्रात शाळेच्या अंगणात लालबुंद पानांची मेपलची झाडं होती. झाडाखाली एक सोनेरी केसांची बाई बाबागाडी ढकलत होती, आणि कानाला हेडफोन लावलेला एक गृहस्थ शर्ट खोचून पळत होता.

"हे कोण?" मी विचारलं.

"सर, लोक."

"मुळशीतले?"

"सर, लायब्ररीत धोतरवाला माणूस नव्हता."

त्याचंही खरंच होतं. सॉफ्टवेअरच्या पोतडीत जी माणसं मिळतात तीच मुळशीत येणार. दुसऱ्या एकाने शाळेचं छप्पर चुरगळलेल्या कागदासारखं केलं होतं. ही स्फूर्ती स्पेनमधल्या बिल्बाओची. तिथलं फ्रँक गेहरींचं गुगनहाइम संग्रहालय 1997 साली उघडलं तेव्हापासून दर वर्षी एक तरी पोरगा छप्पर चुरगळतो. ते संग्रहालय कॉम्प्युटरशिवाय उभं राहिलं नसतं, हे खरं. त्यासाठी वापरलेलं कॅटिया हे सॉफ्टवेअर लढाऊ विमानं बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीतून आलेलं. पण गेहरी स्वतः त्या मशीनसमोर बसत नसत. ते पुठ्ठे कापायचे, कागद वाकवायचे, आणि त्याचं गणित ऑफिसातली मंडळी मशीनवर मांडायची. म्हणजे गेहरींच्या ऑफिसातही कॅडवालाच होता! हे मी ज्युरीत इतक्या जोरात म्हणालो की शेजारच्या मॅडम दचकल्या.

"छान आहे," मी पोराला म्हटलं, "पण पागोळ्या कुठे पडतात?"

त्याने लॅपटॉपवर मॉडेल गरागरा फिरवलं. खालून दाखवलं, वरून दाखवलं, एकदा तर शाळेच्या पोटातून आम्हाला आरपार नेलं. मला गरगरायला लागलं. पाऊस मात्र कुठेच पडत नव्हता. पागोळी हा शब्दच त्याने ऐकला नव्हता, हे नंतर चहाच्या वेळी कळलं. तिसऱ्याने तर वाक्य लिहून चित्र काढून देणाऱ्या नव्या यंत्राला ‘मराठी वाडा’ सांगितला होता. त्याने झरोके राजस्थानचे, तुळशीवृंदावनाच्या जागी कारंजं आणि भिंतीत जाऊन संपणारा एक जिना काढून दिला होता. "चूक दिसली नाही का रे?" मी विचारलं. "सर, इतकं भारी दिसत होतं की बघितलंच नाही."

त्यावर मी दहा मिनिटं बोललो. आमच्या ट्रेसिंगवर चूक केली की भोक पडायचं, तुमच्याकडे केलेलं पुसून टाकणारं ‘अंडू’ आहे, त्यामुळे तुमची चूक कुणाला दिसत नाही, तुम्हालासुद्धा नाही, वगैरे. चांगलं जमलं होतं. दोन मुलींनी लिहूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन.

"साहेब, कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन आलंय. मी व्यवहारात कधी बोलत नाही, पण बंगल्यात टॉयलेट तीन आहेत ना?"

"तीन."

"फायबरची दारं तेरा लावलीत."

मी फाइल उघडली. दार होतं तिथेच होतं, ठसठशीत. त्यावर क्लिक करून डिलीट मारलं. दार तिथेच. पुन्हा मारलं. तिथेच. घाम फुटला. भुताटकीच्या गोष्टीत माणूस निघून जातो आणि पुन्हा दारात उभा राहतो. इथे दारच जाईना. कुडाळला फोन लावला. फणसाखालून बराच वेळ काही ऐकू आलं नाही, मग हसू दाबल्याचा आवाज आला.

"सर, तुम्ही कॉपीत होता. प्रत्येक वेळी सहा टाकलं की बेस पॉइंटपासून सहावर एक दार पडतं. सगळी एकावर एक. मग विंडोने सगळी उचलून सरकवलीत. मूळचं धरून अकरा दारं आहेत तिथे."

"पण मला एकच दिसतंय!"

"एकावर एक आहेत ना सर. नकला बरोब्बर एकावर एक, मूळचं जेमतेम सहा मिलिमीटर बाजूला. ओव्हरकिल मारा."

"काय मारू?"

"कमांड आहे सर. ओव्हरकिल. जास्तीचं सगळं मारते." आणि मग, जरा थांबून, "राहू दे सर. मी सोमवारी येतो. तोपर्यंत कशाला हात लावू नका."

त्यानंतर कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. त्याचा मुलगा यंदाच इंजिनिअर झालाय. पूर्वी हे गृहस्थ ड्रॉइंग जमिनीवर पसरायचे, चार कोपऱ्यांवर चार विटांचे तुकडे ठेवायचे आणि बोटाने दारं मोजायचे. आता मोजमाप मुलगा काढतो, कॉम्प्युटरवर, एका क्लिकमध्ये.

"अहो, तीन संडासांना तेरा दारं कशी असतील? तुम्ही बावीस वर्षं बांधकाम करताय!"

"मी पोराला तेच म्हटलं, साहेब. तीनच संडास आहेत म्हटलं. मागच्या एकट्याला अकरा दारं कशाला लागतील? तो म्हणाला, कॉम्प्युटर खोटं सांगत नाही. मग म्हटलं असेल. साहेबांचं काहीतरी डिझाइन असेल."