व्हेनिसला हरवलं कोण?

काल बडोद्याच्या दांडिया बाजारात एका मुंजीच्या पंगतीत आमच्या ह्यांनी पुन्हा तोच किस्सा काढला. "ही व्हेनिसला हरवली होती, ठाऊक आहे का?" पंगत हसली. मीही हसले, कारण दर लग्नामुंजीत हसायची आता सवय झाली आहे. पण काल हातात मठ्ठ्याचा पेला होता आणि डोक्यात आलं की हे एकदा लिहूनच टाकावं. हरवले ते होते. मी बरोबर स्टेशनावर, वेळेवर, दोन्ही बॅगांसकट पोहोचले होते.

आधी आमची पद्धत सांगते. मी ३२ वर्षं बँकेत होते, त्यातली निम्मी कॅशमध्ये. दिवसाला लोकांचे लाखो रुपये हातातून जायचे. पण परदेशात पाऊल टाकलं की माझ्या पर्समध्ये रुमाल, कंगवा, आवळा सुपारी, बस. दोघांचे पासपोर्ट, युरो, कार्डं, तिकिटं, हॉटेलचे कागद, सगळं ह्यांच्या खांद्यावरच्या काळ्या बॅगेत. "एका ठिकाणी असलं म्हणजे सापडतं," हा त्यांचा सिद्धांत. मला तो तेव्हा पटायचा, हेही कबूल करते. कटकट नको, आपण आपलं खिडकीतून बघावं.

मे २०१८. फ्लॉरेन्सहून व्हेनिसच्या गाडीत बसलो. ह्यांनी रोममध्ये स्वतःच्या पासपोर्टवर इटलीचं सिमकार्ड घेतलं होतं. "दोघांना दोन कशाला? आपण बरोबरच तर आहोत." त्यामुळे माझा फोन म्हणजे नुसता कॅमेरा. त्यांचा नवा नंबर मला माहीत नव्हता, मीही कधी विचारला नव्हता.

आता व्हेनिसला स्टेशनं दोन. एक व्हेनेझिया मेस्त्रे, ते अलीकडे, जमिनीवर. दुसरं व्हेनेझिया सांता लुचिया, ते बेटावर. मधे खाडीवरचा लांबलचक पूल. गाडी मेस्त्रेला थांबली, ह्यांना पाटीवरचं 'व्हेनेझिया' तेवढं दिसलं, आणि "चल चल, आलं" म्हणत काळी बॅग घेऊन हे खाली. मी दोन सुटकेसा ओढत दारापर्यंत येते तोवर दार बंद. काचेपलीकडे हे हातवारे करतायत. हाताचा पंजा उघडून दाखवला, त्याचा अर्थ 'थांब' की 'पाच मिनिटांत येतो' यावर आमच्यात अजून एकमत नाही.

गाडी पुलावर आली. दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, उन्हात चमकणारं. डब्यातले लोक फोटो काढत होते. मी मनात मोजदाद करत होते: पासपोर्ट नाही, पैसा नाही, तिकीट नाही, हॉटेलचं नाव माहीत नाही. बँकेत असताना कोणी गिऱ्हाईक असं आलं असतं तर मीच त्याला परत पाठवलं असतं.

सांता लुचिया हे शेवटचं स्टेशन, एवढं नशीब. बाहेर आले तर पायऱ्या थेट मोठ्या कालव्यावर उतरतात. समोर एका चर्चचा हिरवट तांब्याचा भलामोठा घुमट. त्या घुमटाकडे मी तास-दीड तास बघत बसले. त्याच्या कुठल्या पत्र्यावर डाग आहेत ते आजही सांगेन. दर दहा-पंधरा मिनिटांनी लोकांचा लोंढा बाहेर यायचा आणि त्यात हे नसायचे.

शेवटी सेल्फी स्टिक विकणाऱ्या एका बांगलादेशी पोराला हिंदीत विचारलं. त्याने काही न बोलता फोन पुढे केला. आणि तिथे दुसरा साक्षात्कार झाला. मला एकच नंबर पाठ होता: दांडिया बाजारातल्या घराची लँडलाइन. व्हेनिसमध्ये सहा वाजून गेले होते, म्हणजे बडोद्यात रात्रीचे पावणेदहा. सासूबाई मालिका संपवून दुधाचं विरजण लावत असणार. फोन उचलला.

"अगं, कुठे आहेस तू? त्याचा दोनदा फोन येऊन गेला."

"काय म्हणाले?"

"तो म्हणे कुठल्यातरी मिस्त्रीकडे बसलाय."

"मिस्त्री? इथे कुठला मिस्त्री, आई?"

"मला काय माहीत बाई, तुम्ही तिथे घराचं काम काढलंय का?"

डोक्यात प्रकाश पडायला दोन सेकंद लागले. मेस्त्रे! हे अजून तिथेच होते. जत्रेत हात सुटला तर जिथे सुटला तिथेच उभं राहायचं, असं त्यांना लहानपणी शिकवलेलं. मला शिकवलेलं की चुकामूक झाली तर जिथे जायचं ठरलंय तिथे जाऊन थांबायचं. दोघंही आपापल्या आयांचं ऐकून दोन स्टेशनांवर बसलो होतो.

"आई, त्यांना सांगा, मी शेवटच्या स्टेशनावर आहे. इथून पुढे नुसतं पाणी आहे."

सासूबाईंनी निरोप पोचवला. पुढच्या गाडीने हे आले. त्या पोराला द्यायला माझ्याकडे एक सेंट नव्हता, म्हणून सुटकेस उघडून बडोद्याची भाखरवडी काढली आणि पाकीटच त्याच्या हातात ठेवलं. मग आम्ही माणशी ७.५० युरोचं तिकीट काढून बोटीत बसलो आणि जगातल्या सगळ्यात रोमँटिक म्हणवणाऱ्या कालव्यातून, एकमेकांशी एक अक्षर न बोलता, हॉटेलवर गेलो.

आता माझं म्हणणं. व्हिसा काढताना बघा. युरोपच्या व्हिसाला अर्ज दोघांचे वेगळे, बोटांचे ठसे दोघांचे वेगळे, फी वेगळी, आजारपणाचा किमान ३०,००० युरोचा विमाही माणशी वेगळा. तिथल्या कचेरीतल्या कारकुनालाही कळतं की ही दोन माणसं आहेत. आणि व्हिसा चिकटलेले पासपोर्ट घरी आले की दोन्ही एकाच बॅगेत, एकाच खांद्यावर. ग्रुप टूरमध्ये तर मी डोळ्यांनी पाहिलंय. पासपोर्ट वाटायची वेळ आली की एका घराचे चार पासपोर्ट मुकाट्याने पुरुषाच्या हातात. त्यात डॉक्टर बायका होत्या, मुख्याध्यापिका होत्या. एकीनेही हात पुढे केला नाही. मीही नाही.

आणि हे बडोद्याच्या बायकांनी करावं? सयाजीराव महाराज अमेरिका बघून आले आणि १९१० साली तिथून बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतल्या काचेच्या फरशीवरून आपण सगळे लहानपणी जपून चाललोय. पण त्यांच्याबरोबर जग फिरलेल्या चिमणाबाई राणीसाहेबांची आठवण कोणी काढत नाही. परदेशात बायका काय काय उद्योग करतात ते त्यांनी नीट पाहिलं आणि १९११ मध्ये, एका सहलेखकाबरोबर का होईना, त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. त्या काही महाराजांच्या ट्रंका राखत बसल्या नव्हत्या.

तर व्हेनिसनंतर मी वेगळं खातं उघडलं. माझा पासपोर्ट माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये, निम्मे पैसे माझ्याकडे, एक कार्ड माझं, हॉटेलचा पत्ता कागदावर, आणि सिम दोन. ह्यांचा चेहरा तेव्हा लॉकरची दुसरी किल्ली मागितल्यासारखा झाला होता.

मी शहाणी झाले, असं मात्र समजू नका. पहिल्याच फेरीत माती खाल्ली. हनोईला अननसवालीला २०,००० डाँगची नोट दिली आणि चालायला लागले. ती बाई टोपली टाकून मागे धावत आली. मी दिली होती ५,००,००० ची! दोन्ही नोटा निळ्या, दोन्ही प्लास्टिकच्या. साठ-सत्तर रुपयांच्या अननसाला सोळाशेच्या वर. तिने ती नोट माझ्या नाकासमोर धरून शून्यं मोजून दाखवली आणि खदखदून हसली. सोळा वर्षं कॅशमध्ये! ह्यांनी तो किस्सा मात्र अजून एकाही पंगतीत सांगितलेला नाही. का, ते मला कळत नाही. कदाचित त्यात मी स्वतः पैसे देते म्हणून असेल.

दुबईचं तर दोघांचं मिळून. दिवाळीला भाचीकडे निघालो, डब्यात घरचे अनारसे, २५ नग. एक्स्प्रेसवेवर अहमदाबादच्या वाटेला लागलो आणि भाचीचा फोन: "मामी, खसखस आणू नकोस हं, इथे बंदी आहे." अमली पदार्थ धरतात तिथे ती. अनारसे म्हणजे एका बाजूने नुसती खसखसच! गाडी बाजूच्या हॉटेलला घेतली. ड्रायव्हरने सहा खाल्ले, ह्यांनी सात, मी चार. उरलेले चहावाल्याला दिले तर तो विचारतो, "माताजीनो प्रसाद छे?" हो म्हटलं. विमानतळावर पोहोचलो तर बॅगेतलं सुकं खोबरंही निघालं. त्यातल्या तेलाने ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमानात चालत नाही. भाचीला शेवटी मिळाला तो लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओलसर चिवडा.

अशा भानगडींत आम्ही भांडतो, पुष्कळ भांडतो. पण आता भांडण दोन माणसांचं असतं. पूर्वी ह्यांचं चुकलं तरी मी फक्त तोंड पाडून मागे उभी असायचे, कारण रस्ता कुठला ते मलाही माहीत नसायचं. आता नकाशा माझ्याही हातात असतो, त्यामुळे "मी सांगत होते ना डावीकडे" हे पुराव्यानिशी म्हणता येतं. त्याची मजा सांगून कळणार नाही.

मुलगा मधून मधून लँडलाइन काढायची गोष्ट काढतो. महिन्याचं बिल फुकट जातं, एक माणूस फोन करत नाही, वगैरे. सासूबाई ऐकून घेतात आणि फोनशेजारची जुनी डायरी उघडून दाखवतात. त्यात 'म' च्या पानावर, महिला मंडळाच्या खाली, त्यांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलंय: मिस्त्री, इटली.