स्वच्छ शहरातलं भंगार

स्वच्छतेत इंदूर २०१७ ते २०२३ सलग देशात पहिलं. अभिमान सगळ्यांनाच आहे. पण ज्याला भंगारच हवंय त्या माणसाने या गावात जावं कुठे? सकाळी गाणं वाजवत कचरागाडी येते, तिला सहा कप्पे, त्यातला एक खास ई-कचऱ्याचा. वस्तू मुरून कुणाच्या कामाची होईपर्यंत लोक तिला घरात टिकूच देत नाहीत.

मला हवा होता मागे नऊ पिनांचं तोंड असलेला जुना लॅपटॉप. आणि तो का, तर रामबागेतल्या आमच्या गणेश मंडळाचं पितळी पातेलं हरवलं म्हणून.

शंभर पानांचा मसालेभात एका दमात शिजेल असं पातेलं. कुणीतरी मुंजीला नेलं, ते परत आलंच नाही. ते गेलं त्या वर्षांत भांडी-सतरंज्यांचा हिशेब माझ्याकडे होता आणि मेहुण्यांनी विलायतेहून आणलेल्या सायन सिरीज ५ मध्ये मी तो टिपून ठेवत असे. (मुंबईचं सायन नव्हे; ही लंडनची कंपनी, आणि हे मॉडेल १९९७ चं.) चष्म्याच्या घराएवढं यंत्र. झाकण उघडलं की कीबोर्ड आपोआप पुढे सरकतो. दोन पेन्सिल सेल घातले की झालं, चार्जर मागत नाही. अजूनही ठणठणीत आहे. पण त्या करड्या पडद्यावरची बारीक अक्षरं मला आता भिंगातूनही लागत नाहीत, आणि फोटो काढला की फोटोत मीच दिसतो. शिवाय आमचे खजिनदार छापील कागदाशिवाय देवावरही विश्वास ठेवत नाहीत.

म्हणजे यादी आधी लॅपटॉपात उतरवायची. यंत्राची केबल जाते सिरीयल पोर्टात, म्हणजे त्या नऊ पिनांच्या तोंडात. हा आरएस-२३२ प्रकार १९६० सालचा. यूएसबी त्याच्यानंतर छत्तीस वर्षांनी जन्मलं आणि दहा-बारा वर्षांत त्याने या म्हाताऱ्याला लॅपटॉपांमधून बाहेर काढलं.

दोघांत मध्यस्थी करणारं अडॅप्टर मिळतं, ते आणून पाहिलं. विंडोजने कळवलं की आतली चिप नकली आहे, मी हिच्याशी बोलणार नाही. बदलून मागायला गेलो तर दुकानदार शांतपणे म्हणाला, "भिया, असली-नकली कुछ नी होता. जो चल गया, वो असली."

मग सिल्व्हर मॉल. तिथली पोरं फार प्रेमळ. "अंकल, गेमिंग का चाहिए या ऑफिस का?" मी म्हटलं, मागे नऊ पिना हव्यात. एकाने मोठ्या उत्साहाने व्हीजीएचं, म्हणजे बाहेरचा पडदा जोडायचं, तोंड दाखवलं. आकार तोच, रुंदी तीच. फक्त त्यात तीन ओळींत पंधरा भोकं असतात, आणि मला दोन ओळींत नऊ पिना हव्या होत्या. तसं समजावलं.

"अंकल, इसमें तो छह ज्यादा मिल रहे हैं!"

जेल रोडवर एका जिन्याखालच्या दुकानात मात्र जाणकार भेटला. डेलच्या लॅटिट्यूड डी ६३० पर्यंत नऊ पिना येत होत्या, विंडोज एक्सपीही त्यावर छान चालतं, हे त्याला तोंडपाठ. "पर ऐसा पीस आते ही पीथमपूर जाता है." तिथल्या कारखान्यांत लाखोंच्या जुन्या सीएनसी (संगणकाच्या हुकमाने धातू कापणाऱ्या) मशीन आहेत, त्या सिरीयल केबलनेच प्रोग्रॅम घेतात, मशीन बंद पडली की सुपरवायझर लॅपटॉपचा भाव विचारत बसत नाही.

"आप को कौन-सी मशीन चलानी है?"

"पातेलं शोधायचंय," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि चहा मागवला.

चहाचा उपयोग झाला. मधे एक लॅपटॉप आला, त्याचा पडदा उघडताना हातात आला. दुसऱ्याचा बायोस पासवर्ड, म्हणजे मशीन सुरू होतानाच मागतं तो, मालकासोबत अमेरिकेला गेलेला. शेवटी एक थिंकपॅड ६०० सापडला, १९९८ सालचा. पेंटियम दोन, कीबोर्डच्या मधोमध लाल ठिपका, विंडोज ९८. बॅटरी वारलेली, पण एवढ्या वर्षांनी कुणाची टिकते? मी तो बगलेत मारून ऐटीत घरी आणला.

बायको दारातच होती. "अहो, मी कचरागाडीत एक द्यायला सांगितलं होतं, तुम्ही दुसरं घेऊन आलात."

केबल लावली तर लॅपटॉपला यंत्र दिसेना. त्याचा सिरीयल पोर्ट सेटिंगमध्येच बंद करून ठेवलेला. तो चालू केल्यावर दोघांची अशी गट्टी जमली की १९९९ ते २००१ ची यादी बघता बघता उतरली. आता ती पेनड्राइव्हवर घ्यायची, एवढंच राहिलं. पण विंडोज ९८ ला पेनड्राइव्ह ओळखायला वेगळा ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर मी डाउनलोड करून ठेवला होता. पेनड्राइव्हवर.

शेवटी बायकोने मोबाइल काढला, थिंकपॅडच्या पडद्याचा फोटो घेतला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत नोंदीतल्या वहिनींच्या मुलाचं उत्तर आलं, सोबत गच्चीवरचा फोटो. आमच्या पातेल्यात त्यांनी कढीपत्ता लावलाय. चांगला कमरेएवढा झालाय.

खाली खजिनदारांचा निरोप: "फोटो चालणार नाही. छापील प्रत द्या, मग पातेल्याची मागणी रीतसर करू."

थिंकपॅडच्या मागे प्रिंटरसाठी आणखी एक तोंड आहे, पंचवीस पिनांचं. मी पुन्हा जेल रोडला गेलो.

"डॉट मॅट्रिक्स?" जाणकार म्हणाला. "वो तो सब ट्रान्सपोर्टवाले उठा ले जाते हैं, भिया. बिल्टी छापने को."