पाळणाघर ऑफिसात नको, स्टेशनाजवळ हवं

"बाळाला सांभाळून नोकरी कशी जमते गं?" हे मला लग्नात, लिफ्टमध्ये, लेडीज डब्यात कुठेही विचारलं जातं. नवऱ्याला अजून कुणी विचारलेलं नाही. असो.

मला बोलायचंय पाळणाघराबद्दल. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन बाळंतपणांची पगारी रजा 12 वरून 26 आठवड्यांची झाली. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. आईला दिवसातून चारदा तिथे जायची मुभाही मिळाली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तसंच आहे. फार छान. पण ही कलमं लिहिणाऱ्यांनी एकदा सकाळी आठला डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहावं. त्या फास्ट लोकलमध्ये दीड वर्षाचं पोर कडेवर घेऊन परळला जायचं? माझी ओढणी धड पोचत नाही तिथे!

म्हणून आमच्याकडच्या बायका मूल घराजवळच्या काकूंकडेच ठेवतात. काकू सातला बंद करतात. आणि नेमकं पावणेसातला गाडी मुंब्र्याला रखडते. मग फोन, "काकू, अर्धा तास थांबाल ना?" त्या थांबतात बिचाऱ्या, पण त्यांच्याही घरी कुकर लावायचा असतोच की. फी आपल्या खिशातून. कंपनीने ऑफिसात रंगीत भिंतींची खोली सजवण्यापेक्षा ही फी भरावी. काही कंपन्या भरतातही, पण तो मर्जीचा मामला.

बाबा लोकांचं तर विचारूच नका. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला 15 दिवस पितृत्व रजा आहे, खासगी नोकरीत कायद्याने एक दिवससुद्धा नाही. त्यात आईच्या 26 आठवड्यांचा पगार बहुतेक ठिकाणी मालकाच्याच खिशातून जातो, म्हणून मुलाखतीत आम्हालाच विचारतात, "पुढचं प्लॅनिंग काय?" बापालाही सक्तीची रजा द्या, मग बघू हा प्रश्न कुणाकुणाला विचारतात ते.

आणि कृपा करून 'वर्क फ्रॉम होम कर ना' हा सल्ला देऊ नका. मांडीवरचं पोर कीबोर्ड बडवत असताना एक्सेल भरून बघा एकदा.

डोंबिवली-कल्याण पट्ट्यात स्टेशनाजवळ रात्री आठपर्यंत उघडं असणारं पाळणाघर माहीत असेल तर खरंच कळवा. आमच्या डब्यातल्या बऱ्याच जणी शोधतायत.