शहर वाढवायचंय? आधी कचरा पाठवा

गावाचं शहर करायचं मनावर घेतलं असेल, तर भूगोलाचं पुस्तक आधी मिटून ठेवा. त्यात बर्जेस नावाच्या गृहस्थांनी १९२५ साली शिकागोकडे बघून आखलेली पाच वर्तुळं असतात. मध्ये बाजार आणि कचेऱ्या, मग पडझडीची वस्ती, मग कामगार, मग खाऊनपिऊन सुखी मंडळी आणि शेवटी रोज ये-जा करणारे. १९३९ मध्ये हॉइट यांनी वर्तुळांच्या पाचरी केल्या. १९४५ मध्ये हॅरिस आणि उलमन म्हणाले की शहराला केंद्रंच अनेक असतात. विद्वान माणसं, पण यांतल्या एकानेही सातबारा पाहिलेला नव्हता. तुम्ही पुण्याकडे बघून शिका.

शहर गावात रस्त्याने येतं हा गैरसमज आहे. ते डंपरमधून येतं. उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं जात होता, तेव्हा ती गावं महापालिकेच्या हद्दीत नव्हतीच. विहिरी बिघडल्या, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, त्यांना आश्वासनं मिळाली. गावं हद्दीत आली २०१७ मध्ये, म्हणजे कचऱ्यानंतर पुष्कळ उशिरा. पुढे कराची बिलं पाहून तिथल्या लोकांनी 'आम्हाला बाहेर काढा' म्हणून धोशा लावला आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

कचरा पोचला की गुंठे पाडा. रविवारी सकाळी शेतात मांडव घाला, फक्कीने रेघा मारा, गिऱ्हाइकाला चहा द्या. 'हा नऊ मीटरचा रस्ता' म्हणून बोट दाखवाल तिथे शेजाऱ्याचा बांध असतो आणि बांधावर शेजारी उभा असतो. त्याच्याकडे पाहून हसायचं. एनए, म्हणजे जमीन बिगरशेती, झालीये का असं कुणी विचारलंच, तर 'फाइल वर गेलीये' एवढंच सांगा. २००१ चा गुंठेवारी कायदा आहेच. आधी घर आणि मग नियमितीकरण, हा क्रम त्याने सरकारमान्य करून ठेवलाय.

ओढा दिसला की पाइपात घाला आणि वर पार्किंग करा. आंबिल ओढा कात्रजकडून येऊन मुठेला मिळतो. याच कात्रजहून अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी नळ घालून पेठांतल्या हौदांना पाणी आणलं. म्हणजे तिकडून पाणी शहराकडे येतं ही बातमी पुण्याला जुनीच. तरी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ते पूर होऊन आलं, तेव्हा सगळी यंत्रणा चकित झाली. हे चकित होणं तुम्हालाही जमलं पाहिजे. 'अभूतपूर्व पाऊस' हे दोन शब्द तोंडपाठ ठेवा. नदीकाठालाही हीच रीत. १९६१ साली पानशेत धरण फुटून आलेल्या पुराची आठवण १२ जुलैला काढावी आणि पूररेषेतला फ्लॅट १३ तारखेला विकावा. सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी जुलै २०२४ मध्ये पाण्यात गेली आणि लोकांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. अशा ठिकाणी ब्रोशरवर 'रिव्हर टच' छापा, मग तक्रारीला जागा उरत नाही.

पिण्याच्या पाण्याची मात्र चिंता नको. परवानगी घेताना 'पाणी आम्हीच पुरवू' असं हमीपत्र लिहून द्या आणि विसरून जा. मार्च उजाडला की पहाटे पाचला गेटवर टँकर बीप-बीप करत रिव्हर्स येतो, पाइपाच्या सांध्यातून निम्मा रस्ता भिजतो आणि वॉचमन डोळे चोळत वहीत फेरी मांडतो. त्याचा आकडा मेंटेनन्समध्ये आला की सर्वसाधारण सभेत दोन बीएचके विरुद्ध तीन बीएचके असं भांडण लावून द्या. लोक एकमेकांवर ओरडत असले की हमीपत्र कुणाला आठवत नाही.

पूल बांधताना पुढचा विचार करू नये. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला; बांधण्याचं काम निघालं, पाडण्याचंही निघालं, परत बांधण्याचंही निघालं.

एवढं झालं की हद्दवाढ. ही सावकाश करायची असते. पुण्यात १९९७ मध्ये ३८ गावं घेतली, त्यातली काही नंतर सोडली, २०१७ मध्ये ११ घेतली, २०२१ मध्ये आणखी २३. क्षेत्रफळात मुंबई मागे पडली, पेढे वाटून झाले. त्या २३ गावांचा विकास आराखडा करायचं काम मात्र सरकारने महापालिकेकडे न देता पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिलं. तुम्हीही अशीच विभागणी ठेवा. नागरिक घरपट्टी एका दारात भरतो, आपल्या घरावर आरक्षण पडलंय का हे दुसऱ्या दारात विचारतो आणि दोन्हीकडे 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे उत्तर ऐकतो.

एका गोष्टीपासून तेवढं सांभाळा. हडपसरजवळ मगर आडनावाच्या शेतकरी मंडळींनी चारशेच्या वर एकर शेतजमीन विकून टाकण्याऐवजी एकत्र केली, ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा वाटा अशी कंपनी काढली आणि मगरपट्टा सिटी स्वतः उभारली. हा किस्सा तुमच्या गावात कुणी सांगायला लागलाच, तर त्याला बाजूला घ्या, चहा पाजा आणि बाहेर पडायच्या आत त्याच्याकडून टोकनचा चेक घ्या. पार्किंग फुकट म्हणावं.