नेम धरायचा तर पाय रोवा

रविवारी पावसामुळे भाचा आमच्याकडे ठाण्यातच अडकला. म्हटलं चल, तुला जुना ‘रेसिडेंट एव्हिल ४’ दाखवतो, २००५चा भयपटासारखा व्हिडिओ गेम. पठ्ठ्याने त्याचा २०२३चा रीमेकच, म्हणजे नव्याने बनवलेला खेळच, खेळलेला. दोन मिनिटांत हसायला लागला. “मामा, बंदूक उचलली की हा चालत का नाही? पाय फेव्हिकॉलने चिकटवलेत का?”

नाहीच चालत. नेम धरायचा तर जागेवर उभं राहा, पळायचं तर बंदूक खाली. २००८ साली नौपाड्यातल्या एका सायबर कॅफेत तासाला २० रुपये मोजून मी हा खेळलोय, तेही नुसत्या कीबोर्डवर, कारण त्या पीसीच्या आवृत्तीत माउसने नेमच धरता यायचा नाही. शिव्या भरपूर घातल्या तेव्हा. माउसचा राग अजून आहे. पण ते जखडलेले पाय? माझ्या मते सगळी मजा त्यातच आहे.

१९९६च्या पहिल्या भागात कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात टांगलेला. वळणापलीकडून झॉम्बीचं कण्हणं ऐकू यायचं, दिसायचं काहीच नाही. गोळ्या मोजक्या, आणि सेव्ह करायला टाइपरायटरची रिबन लागायची, तीही मोजकीच. चौथ्याने कॅमेरा हिरोच्या खांद्यामागे आणला, गोळ्या सढळ हाताने दिल्या, रिबनची कटकट काढून टाकली. पाय तेवढे बांधलेले ठेवले. समोरून कुऱ्हाड येतेय आणि तुम्ही ठरवताय, मारू की पळू.

सहाव्यात, २०१२ला, पाय मोकळे सोडले. पळता पळता गोळीबार, लोळण, लाथाबुक्क्या. जुने हिरो, व्हायरस, झॉम्बी, सगळे हजर आणि भीतीच गैरहजर. सातवा (२०१७) तर फर्स्ट पर्सन, म्हणजे सगळं हिरोच्याच डोळ्यांतून दिसणारं, लुइझियानातलं एक किडकं घर, हिरो साधा माणूस. तरी मला तोच पहिल्याचा सख्खा भाऊ वाटतो. दुसऱ्या भागाच्या २०१९च्या रीमेकमध्ये चालत गोळी झाडता येते, पण स्थिर उभे राहिलात तरच नेम आवळत जातो. बांधलं नाही, लालूच दाखवली. याला म्हणतात डोकं!

उलट ‘असॅसिन्स क्रीड’, लपूनछपून खून करणाऱ्या मारेकऱ्यांच्या खेळांची मालिका. तिच्यातल्या इजिप्तमध्ये घडणाऱ्या ‘ओरिजिन्स’मध्ये समोरच्याची लेव्हल, म्हणजे ताकदीची पायरी, जास्त असली तर लपून मानेत ब्लेड खुपसलं तरी गडी उभाच. इजिप्त देखणं आहे, पिरॅमिडवर चढून मीही बसलोय तासन् तास. पण मग मारेकरी कसला हा?

असो. भाचा एव्हाना ‘४’मधल्या गावात शिरला होता. डोक्यावर पोतं घातलेला करवतवाला आला तसं हसू थांबलं. चर्चची घंटा वाजेपर्यंत चकार शब्द नाही. मग हळूच विचारलं,

“मामा, सेव्ह कुठे करायचं?”