धाकट्या हॅरिसनचा गुन्हा

वकिलाने विषय काढला तो निकाल देऊनच. बीटल्समधला गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या अल्बमचे २०२१ सालचे नवे मिक्स, म्हणजे जुन्या टेपवरचे आवाज नव्याने जुळवून केलेली आवृत्ती, वकिलाला त्याच्या भाच्याने ऐकवली होती, आणि तेव्हापासून, त्याच्या मते, संगीताच्या इतिहासात याहून मोठा अपराध घडलेला नव्हता. “मूळ दस्तऐवजात खाडाखोड झाली आहे,” असे तो दर दोन वाक्यांनी म्हणत होता आणि प्रत्येक वेळी कट्ट्यावर तळहात आपटत होता.

त्याच्या रागामागचे कारण मात्र खरे होते. त्याच्या वडिलांकडे तीन रेकॉर्डची ती मूळ पेटी होती. रविवारी सकाळी ते स्वतः सुई ठेवीत, आणि बाजू संपली की उलटण्याचे काम दुसऱ्या कोणाला करू देत नसत. गिटारींचा तो दाट थर, दूरच्या खोलीतून आल्यासारखे ढोल आणि त्या सगळ्यात अर्धवट बुडालेला हॅरिसनचा गळा, असे ते गाणे त्याच्या मनात बसलेले आहे. “त्या घुमणाऱ्या आवाजात माझे वडील आहेत,” तो म्हणाला, आणि तेवढे वाक्य त्याने हात न आपटता म्हटले.

“तुझ्या वडिलांनी तो अल्बम वाजवला,” मास्तर शांतपणे म्हणाला, “जॉर्जच्या मुलाच्या, धनी हॅरिसनच्या, वडिलांनी तो केला. वडिलांची आठवण जपण्याचा हक्क तुला आहे आणि त्याला नाही, हे कोणत्या कलमाखाली?”

मास्तर ज्या विषयावर बोलतो तो त्याने आधी पुरा वाचलेला असतो, म्हणून मला त्याचे म्हणणे नेहमीच जास्त वजनाचे वाटते. २००१ साली अल्बम पुन्हा निघाला, तेव्हा सोबतच्या टिपणात हॅरिसननेच लिहिले होते की त्या काळी योग्य वाटलेला तो भव्य थाट आता जरा अती वाटतो आणि काही गाणी त्या घुमण्यातून सोडवावीशी वाटतात. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला तो गेला. अपुरा राहिलेला ‘ब्रेनवॉश्ड’ हा अल्बम मुलाने संगीतकार जेफ लिनच्या सोबतीने पुढच्या वर्षी पुरा केला, आणि पुढे ध्वनिमिश्रक पॉल हिक्सला घेऊन या जुन्या अल्बमलाही हात घातला. ही खाडाखोड नव्हे. वडिलांची लेखी इच्छा मुलाने पार पाडली, असेच मला वाटते.

“आणि फिल स्पेक्टर?” वकील उसळला. “तो सहनिर्माता होता. त्याची बाजू कोणी ऐकली?”

“पन्नास वर्षे आपण त्याचीच बाजू ऐकतो आहोत. गाणारा तिच्या मागे उभा राहिला होता.”

डॉक्टरीणबाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांच्या घरी हा अल्बम मोठ्या भावाने आणला, तेव्हा आजीला तो नुसता गोंगाट वाटे. मग एकदा ‘माय स्वीट लॉर्ड’ संपत आले असताना मागच्या कोरसमधले ‘गुरुर्ब्रह्मा’ तिने ओळखले, हातातले काम ठेवले आणि गाणे परत लावायला सांगितले. त्यानंतर “तो श्लोक लाव रे” अशी फर्माईश ती स्वतः करू लागली. त्यावर वकिलाने, गप्प बसवेना म्हणून, १९७६चा खटला काढला: ‘माय स्वीट लॉर्ड’साठी हॅरिसनने ‘हीज सो फाइन’ या आधीच्या गाण्याची चाल नकळत उचलली, असे न्यायालयाने ठरवले होते.

“माझ्या आजीच्या न्यायालयात तो केव्हाच निर्दोष सुटला होता,” बाई म्हणाल्या.

मास्तरने मग एक गोष्ट सांगितली, तिच्यावर मी घरी आल्यावरही विचार करीत राहिलो. १९७०च्या उन्हाळ्यात या अल्बमचे काम चालू असतानाच हॅरिसनची आई, लुईस, वारली. पोराच्या गिटारीला घरात पहिला आधार तिचाच. म्हणजे आपण आपल्या घरच्या आठवणी ज्या गाण्यांना चिकटवतो, त्या गाण्यांत त्याच्या घरचे दुःख आधीच येऊन बसलेले होते. आता चाळिशी ओलांडलेला मुलगा त्याच टेपवर २७ वर्षांच्या वडिलांचा गळा एकटा वेगळा काढून ऐकतो, तेव्हा त्याला काय ऐकू येत असेल, याचा वकिलाने एकदा तरी विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

“मामा, मला तर नवेच आवडते,” भाचा म्हणाला. “शब्द कळतात.”

“घरचाच साक्षीदार फुटला,” मास्तर म्हणाला, “आणि मूळ मूळ म्हणतोस, तुझ्या पेटीत तिन्ही रेकॉर्ड तरी आहेत का?”

“कशा असतील? तिसरी तू नेलीस! आपण कॉलेजात असताना!”

“तिसरीत नुसते जॅम आहेत, ऐनवेळी सुचेल तसे केलेले वादन. इतक्या वर्षांत तुला तिची आठवण झाली नाही, म्हणजे वडील पहिल्या दोनच रेकॉर्डवर असावेत.”

यावर वकीलसुद्धा हसला. मास्तरने रेकॉर्ड येत्या रविवारी परत करण्याचे कबूल केले, मात्र वकिलाने त्याआधी नवे मिक्स पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न बोलता, ऐकले पाहिजे, अशी अट घातली. वकिलाने ती मान्य केली आणि सगळे लेखी मागितले.