चाळिशीनंतर पायलट? होता येतं, पण त्या रीलमध्ये सांगितलंय तसं नाही

एक रील सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतंय. आयटीचा कंटाळा आलाय, चाळिशी उलटलीय, तरी 18 महिन्यांत कमर्शियल पायलट व्हा, वयाची अट नाही, बारावीला कॉमर्स असलं तरी चालतं, इंडिगो-एअर इंडियाने हजारभर विमानं मागवलीत म्हणजे नोकरी पक्की, आणि पैशाचं काय, ईएमआय आहे की! माझ्या ओळखीतले दोघं तर सिरियसली राजीनाम्याचं बोलायला लागलेत म्हणून हे लिहितोय.

वयाची अट नाही, हे लायसन्सपुरतं खरंय. सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलटच्या लायसन्सला, 18 पूर्ण लागतात, आणि एअरलाइनमध्ये 65 पर्यंत उडवता येतं. पण लायसन्स डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी खातं देतं, नोकरी एअरलाइन देते. एअरलाइन नवख्यांना घेऊन पायलट बनवते त्या कॅडेट प्रोग्रामच्या जाहिराती उघडून बघा, वयाची वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी स्पष्ट लिहिलेली असते आणि चाळिशीवाला त्यात सहसा बसत नाही. रीलमध्ये ह्याबद्दल चकार शब्द नाही.

कॉमर्सचं म्हणाल तर आतापर्यंतचा नियम बारावीला फिजिक्स-मॅथ्स असा आहे. नसेल तर एनआयओएस ह्या सरकारी ओपन स्कूलमधून ते दोन विषय देता येतात, लोक देतातही. म्हणजे अडत नाही, पण पहिले काही महिने तिथेच जातात.

आता 18 महिने. 200 तास उड्डाण लागतं, त्यातले 100 पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, वर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल असे पेपर, पासिंग 70 टक्के, शिवाय रेडिओवर बोलायचं लायसन्स, आरटीआर, वेगळं. पेपर निघतील हो, तुम्ही अभ्यासू माणसं. तास निघत नाहीत. फ्लाइंग स्कूल बारामतीचं असो की गोंदियाचं, सकाळी सहाला युनिफॉर्म घालून बोर्डासमोर उभं राहायचं, व्हिजिबिलिटी पाच किलोमीटरच्या खाली म्हणून थांबायचं, दहाला उघडलं तर क्रॉसविंड, म्हणजे धावपट्टीला आडवा वारा, वारा पडला तर तुमचं सेसना, म्हणजे शिकायचं छोटं विमान, शंभर तासांच्या इन्स्पेक्शनला आत गेलेलं, आणि इन्स्ट्रक्टर एकच, त्याच्या मागे रांग. पावसाळ्यात तर विचारूच नका. हॉस्टेलवरचा 21 वर्षांचा पोरगा ह्यात सहा महिने जास्त काढतो, त्याचं काही बिघडत नाही. तुमच्या घराचा हप्ता मात्र दर महिन्याला जातोय.

हजार विमानांची गंमत ऐका. एअर इंडियाने 2023 मध्ये 470 मागवली, इंडिगोने त्याच वर्षी 500, आकडे बरोबर आहेत. पण इंडिगोची ती 500 विमानं 2030 ते 2035 मध्ये यायची आहेत! आणि रांगेत तुमच्या पुढे कोण? 2019 ला जेट एअरवेज बंद पडली, 2023 ला गो फर्स्ट, तेव्हा हजारो तासांचे अनुभवी लोक बाजारात आले होते. असं परत झालं तर 200 तासवाल्याला कोण विचारणार?

समजा लागलात 45 व्या वर्षी. सिनिऑरिटी जॉइनिंगच्या तारखेवर, पांढऱ्या केसांवर नाही. डावीकडच्या सीटवर तिशीतला कॅप्टन, तुम्ही उजवीकडे, आणि तो सांगेल ते निमूट ऐकायचं. ज्याने दहा वर्षं टीम सांभाळलीय त्याला हे जमेल का, हे बायकोला विचारा, ती खरं सांगेल.

आणि ईएमआय. लायसन्सलाच 50 लाखांच्या पुढे जातात, एअरबस किंवा बोईंगचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठराविक विमान उडवायचं वेगळं ट्रेनिंग, वर 15-20 लाख, तेही बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून. विशीतल्या पोराला फेडायला चाळीस वर्षं आहेत, तुम्हाला जेमतेम वीस, तीसुद्धा मेडिकल टिकलं तर. चष्मा चालतो, पण शुगर, बीपी, ईसीजी दर वेळी बघतात आणि इन्सुलिन सुरू असेल तर क्लास वन, म्हणजे कमर्शियल पायलटला लागणारं मेडिकल, मिळणं फार अवघड. त्यामुळे एवढं करूनही जायचंच असेल तर आधी क्लास टू, म्हणजे सुरुवातीचं मेडिकल, मग क्लास वन मेडिकल काढा, ते हातात आल्याशिवाय कुठल्याही स्कूलला एक रुपया देऊ नका, आणि दिलात तरी सगळी फी एकरकमी भरू नका, जेवढे तास उडाल तेवढ्याचेच पैसे द्या.